फूटरमध्ये रेव्ह. ०३, फाइल प्रॉपर्टीजमध्ये रिव्हिजन नंबर १४७: खरा कोणता धरायचा?

मायक्रॉन_मोजणारा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

भोसरीत एका लहान मशीनिंग युनिटमध्ये क्वालिटी बघतो. क्वालिटी डिपार्टमेंट म्हणजे मी, एक डिप्लोमावाला पोरगा आणि एक प्रिंटर. मालकांनी दोन वर्षांपूर्वी लायसन्सचा खर्च नको म्हणून सगळीकडे लिब्रेऑफिस टाकलं, त्यामुळे आमचे सगळे फॉरमॅट कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसमधलं एक्सेलसारखं). कस्टमर मात्र एक्सेलवाला.

गेल्या आठवड्यात आयएसओचं सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्रानंतरची ठरावीक तपासणी) झालं. ऑडिटरने लेथजवळ टांगलेला शाफ्टचा इन्स्पेक्शन रिपोर्ट उचलला. पानाच्या तळाशी फूटरमध्ये ‘रेव्ह. ०३’ (रेव्ह. म्हणजे रिव्हिजन, सुधारित आवृत्ती). मास्टर लिस्ट (कोणत्या फॉरमॅटची कोणती आवृत्ती चालू आहे त्याची यादी) काढली, तिथे ०४. कॉम्प्युटरवर फाइलचं नाव ‘शाफ्ट_आयआर_आर४_फायनल_नवीन’. ती उघडली तर आत फूटरला परत ०३! झालं असं होतं की बेअरिंग सीटचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कस्टमरने आवळला, तो आकडा मी शीटमध्ये बदलला, फाइलचं नाव बदललं, मास्टर लिस्ट बदलली आणि फूटर विसरलो. माल बरोबर मोजला जात होता, पण कागदावरून ते कळायला मार्ग नाही. मायनर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियम न पाळल्याची किरकोळ नोंद) पदरात.

रात्री चिडून त्या फाइलच्या प्रॉपर्टीज बघत बसलो, तर जनरल टॅबमध्ये ‘रिव्हिजन नंबर: १४७’ असं लिहिलेलं. खाली एकूण एडिटिंग टाइम ६१ तास. मालकांना दाखवलं, ते खूश. म्हणाले, “हाच नंबर लावू या ना सगळीकडे. आपोआप वाढतो, तू विसरायचा प्रश्नच नाही.”

मला आतून वाटतंय की हे बरोबर नाही, पण का नाही ते त्यांना सांगता येईना. शिवाय कस्टमरकडून आलेली एक्सेलची फाइल उघडून बघितली तर तिथे हा रकाना रिकामाच. तर, हा नंबर नक्की काय मोजतो? तो फूटरमध्ये छापता येतो का? आणि एक्सेलमध्ये का दिसत नाही?

---

टवाळ_एक | सोमवार, रात्री ९:२०

‘फायनल_नवीन’ वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे ‘फायनल_नवीन_साहेबांनी_बघितलेली_२’ आहे. वाचतोय.

---

ओपनसोर्स_आजोबा | सोमवार, रात्री १०:०५

मायक्रॉन, आधी तो आकडा म्हणजे काय ते सांगतो.

ओडीएस, म्हणजे कॅल्कची फाइल, ही खरं तर झिप असते, अनेक फाइलींचं एक गाठोडं. फाइलची प्रत करून नावातलं शेवटचं ओडीएस काढा, झिप लावा आणि उघडा. आत कंटेंट, स्टाइल्स, सेटिंग्ज अशा एक्सएमएल फाइल दिसतील, त्यात एक ‘मेटा’ नावाची. तिच्यात ‘एडिटिंग सायकल्स’ नावाची एक ओळ असते आणि ‘एडिटिंग ड्युरेशन’ नावाची दुसरी. प्रॉपर्टीजच्या खिडकीत तुम्हाला दिसतो तो १४७ म्हणजे ही पहिली ओळ. सायकल म्हणजे उघडलं, काहीतरी केलं, सेव्ह केलं. थोडक्यात, सेव्हचा मोजणीयंत्रातला आकडा. रिक्षाचा मीटर म्हणा.

तुम्ही टॉलरन्स बदलून सेव्ह केलंत तरी एक वाढला आणि कॉलम दोन मिलिमीटर रुंद करून सेव्ह केलंत तरी एकच वाढला. त्याला काय बदललं याच्याशी देणंघेणं नाही. एडिटिंग टाइमचंही तेच. फाइल उघडी ठेवून तुम्ही चहाला गेलात तर तो चहाही त्या ६१ तासांत आहे.

आणखी एक. त्याच खिडकीत खाली ‘रीसेट प्रॉपर्टीज’ असं बटण आहे. ते दाबा: एडिटिंग टाइम शून्य, तयार केल्याची तारीख आत्ताची आणि रिव्हिजन नंबर १. तुमच्या डिप्लोमावाल्या पोराने गंमत म्हणून दाबलं की १४७ वरून एका क्षणात १. ऑडिटरला काय सांगणार?

(जाता जाता: आतमध्ये हा आकडा १६ बिटांचा पूर्णांक म्हणून ठेवतात, म्हणजे ३२,७६७ ला गाडी थांबते. रोज ३० वेळा सेव्ह करणाऱ्यालाही तीन वर्षं लागतील, तेव्हा ती काळजी सोडा.)

---

मायक्रॉन_मोजणारा | सोमवार, रात्री १०:३१

आजोबा, दंडवत. मीटरचं उदाहरण मालकांना पटेल, त्यांचा पहिला धंदा टेम्पोचा होता.

पण ते उलट म्हणतील की मीटर तरी खोटं बोलत नाही, तू विसरतोस.

---

दुबईकर_साईटवाला | मंगळवार, सकाळी ७:४८

मीटर खोटं बोलत नाही, पण दोन टेम्पोंचे मीटर सारखेच असू शकतात.

आमच्याकडे बिल ऑफ क्वांटिटीजच्या (बांधकामातल्या परिमाणांच्या यादीच्या) शीट फिरतात, त्यावरून सांगतो. समजा तुमची फाइल १४७ वर आहे. तिची एक प्रत तुम्ही पेन ड्राइव्हवर घेतली, एक त्या पोराच्या मशीनवर आहे. तुम्ही टॉलरन्स बदलून सेव्ह केलंत, त्याने लोगो बदलून सेव्ह केलं. आता दोन्ही फाइल ‘१४८’. दोन्ही खऱ्या, दोन्ही वेगळ्या. छापून लेथवर लावल्या तर कोणती धरणार? ऑपरेटरला एकच आकडा दिसतो, तो दोन्हीकडे तोच.

रिव्हिजन ही माणसाने ठरवायची गोष्ट आहे. आमच्याकडे ड्रॉइंगला मंजुरीपर्यंत ए, बी, सी चालतं. मंजूर होऊन कामाला लागलं की ०, मग १, २. मधे कोणी कितीही वेळा सेव्ह केलं तरी अक्षर बदलत नाही. अक्षर बदलतं ते सही झाल्यावर.

---

सुटी_नाणी | मंगळवार, सकाळी ९:१५

दुबईकरांना अनुमोदन.

लेखापरीक्षणाच्या बाजूने थोडं. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असं वापरावं लागतं की प्रत्येक बदलाची नोंद तारखेसकट राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. तेव्हा माझ्याकडे दोन अशील आले होते, “आम्ही हिशेब शीटमध्ये ठेवतो, त्यात रिव्हिजन नंबर असतो ना” म्हणत. तो नंबर फक्त इतकंच सांगतो की कितीदा. कोणी, कधी, कुठल्या सेलमध्ये, आधी काय होतं, यातलं काहीही नाही. आणि रीसेटचं बटण आहे म्हटल्यावर विषयच संपला.

इन्स्पेक्शन रिपोर्टला तो नियम लागू नाही हे कबूल. पण ऑडिटरची मानसिकता सगळीकडे तीच असते.

---

व्हीबीए_ची_सवय | मंगळवार, दुपारी १:०२

एक्सेलबद्दल विचारलंय ना, मी सांगतो. जेवणाच्या सुटीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

एक्सेलमध्ये फाइल, इन्फो, उजवीकडे प्रॉपर्टीजवर टिचकी, ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज, स्टॅटिस्टिक्स टॅब. तिथे ‘रिव्हिजन नंबर’ लिहिलेलं आहे, पण समोर बहुतेक वेळा काहीच नाही. ही खिडकी ऑफिसच्या सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक आहे. वर्ड तो आकडा इमानेइतबारे वाढवतो, एक्सेल वाढवत नाही. फाइलच्या ढाच्यात जागा ठेवलेली आहे. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाइल, हीही झिपच, तिच्या आत ‘कोअर’ नावाच्या फाइलमध्ये ‘रिव्हिजन’ असा घटक बसू शकतो आणि ‘व्हर्जन’ असा वेगळाही. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स बघा, दोन्ही ओळी वेगळ्या दिसतील.

मॅक्रोमधून (शीटमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून) हा रकाना वाचायला गेलात आणि तो भरलेला नसेल तर रिकामं उत्तर मिळत नाही, सरळ एरर येते. पहिल्यांदा मी अर्धा दिवस त्यात घालवला होता.

आता मॅक्रोने आपोआप वाढवायचं म्हणाल तर ‘बिफोर सेव्ह’ या इव्हेंटमध्ये एक सेल वाढवता येतो. मी सहा वर्षांपूर्वी हेच केलं होतं आणि आता कोणालाही करू देत नाही. कारणं:

सेव्ह ॲज म्हटलं, आकडा वाढला, मग खिडकीत माणसाने कॅन्सल दाबलं. फाइल सेव्ह झाली नाही, आकडा मात्र पुढे. यावर उपाय म्हणून ‘आफ्टर सेव्ह’ (एक्सेल २०१० पासून आहे, सेव्ह जमलं की नाही तेही सांगतो) वापरावं तर तिथे सेल बदलला की फाइल पुन्हा ‘न सेव्ह केलेली’ होते. बंद करताना विचारते, सेव्ह करू का? करा म्हटलं की पुन्हा वाढतो. कुत्र्याने शेपूट पकडल्यासारखं.

शिवाय फाइल मॅक्रोवाली ठेवावी लागते, आणि २०२२ पासून इंटरनेटवरून वा मेलवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला घेतले. म्हणजे कस्टमरकडे ती फाइल गेली की मोजणी गुपचूप बंद. तुम्हाला कळणारही नाही.

---

सातारी_कंदी | मंगळवार, दुपारी ३:४०

मी शाळेत शिक्षिका आहे, निकालपत्रकांच्या फाइलींनी हैराण, म्हणून वाचतेय. एक भाबडा प्रश्न: मग तो १४७ निरुपयोगीच का? माझ्या फाइलमध्ये बघितला तर ३८ आहे.

---

ओपनसोर्स_आजोबा | मंगळवार, सायंकाळी ६:२२

भाबडा नाही ताई, चांगला प्रश्न आहे.

निरुपयोगी नाही. तुम्ही निकालपत्रक ३८ वर असताना मुख्याध्यापकांकडे दिलंत आणि तो आकडा वहीत टिपून ठेवलात. आठवड्याने तीच फाइल परत आली आणि ४१ दाखवतेय. कोणीतरी तीन वेळा सेव्ह केलं एवढं नक्की. काय केलं ते तो सांगणार नाही, पण ‘आम्ही हातच लावला नाही’ म्हणणाऱ्याला विचारता येतं. व्हॉट्सॲपवरून किंवा पेन ड्राइव्हवरून गेल्यावर विंडोज दाखवतं त्या तारखा बदलू शकतात, हा आतला आकडा फाइलबरोबर जातो.

पण उलटं चालत नाही. आकडा तोच राहिला म्हणजे बदल झालाच नाही, असं नाही. मेटामधली ओळ साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बदलून परत झिप करता येते. दहावीच्या पोराचं काम आहे.

बदल झाला नाही हे खात्रीने हवं असेल तर हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक ठसा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयुटिल’ने फाइलचा एसएचए २५६ प्रकारचा हॅश काढता येतो. एक अक्षर बदललं तरी सगळा आकडा वेगळा. कोर्टातही आता तोच मागतात: भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहायचा असतो.

---

टवाळ_एक | मंगळवार, सायंकाळी ६:५०

आजोबा निकालपत्रकावरून थेट कोर्टात!

---

ओपनसोर्स_आजोबा | मंगळवार, सायंकाळी ७:०५

शाळेचे निकाल कोर्टात गेलेले बघितलेत रे.

बरं, निघालंच आहे तर. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकबद्दलचा एक अहवाल चक्क वर्डच्या फाइलमध्ये संकेतस्थळावर टाकला होता. फाइलच्या पोटात शेवटच्या दहा सेव्हची यादी तशीच होती, कोणाच्या नावाने आणि कुठल्या फोल्डरमध्ये. लोकांनी ती काढून वाचली. तेव्हा बाहेर पाठवण्याआधी आतलं काय जातंय तेही बघत जा. एक्सेलमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ आहे. लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्स, सिक्युरिटीमध्ये सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढून टाकायची सोय आहे.

---

मायक्रॉन_मोजणारा | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. मालकांना दोन १४८ चं उदाहरण सांगितलं. गप्प झाले. मग म्हणाले, “बरं, मग तू विसरणार नाहीस अशी काहीतरी व्यवस्था कर.”

तर आता खरा प्रश्न. माझ्याकडे रेव्ह. नंबर चार ठिकाणी आहे: फाइलचं नाव, फूटर, मास्टर लिस्ट आणि कधीकधी शीटच्या वरच्या पट्टीत. चारपैकी एक विसरतोच. फूटरमध्ये आपोआप येईल असा काही कोड आहे का?

---

व्हीबीए_ची_सवय | मंगळवार, रात्री १०:१०

रिव्हिजनचा नाही. एक्सेल असो की कॅल्क, फूटरमध्ये फाइलचं नाव, शीटचं नाव, पान क्रमांक, तारीख, वेळ अशाच गोष्टी आपोआप येतात. सेलमधला मजकूरही फूटरमध्ये मॅक्रोशिवाय ओढता येत नाही.

पण फूटर हवंच कशाला? रेव्ह. नंबर शीटच्या वरच्या पट्टीतल्या एका सेलमध्ये ठेवा आणि त्या ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापायला लावा. एक्सेलमध्ये पेज लेआउटमधलं ‘प्रिंट टायटल्स’, कॅल्कमध्ये प्रिंट रेंजच्या एडिटमध्ये ‘रोज टू रिपीट’. फूटरमधून हाताने लिहिलेलं सगळं काढून टाका, फक्त फाइलचं नाव आणि पान क्रमांक.

एक्सेलवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. त्या सेलला नाव द्या, समजा ‘रेव्ह’. मग ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज, कस्टम टॅब, नवीन प्रॉपर्टी, आणि ‘लिंक टु कंटेंट’वर खूण. उजवीकडे नाव दिलेल्या सेलांची यादी येते, त्यातून निवडा. (एकाही सेलला नाव नसेल तर ती खूण करताच येत नाही, मग लोक म्हणतात बंद आहे.) आता सेल बदलला की फाइलची प्रॉपर्टी त्याच्याबरोबर बदलते. मॅक्रो नाही, काही नाही.

---

मायक्रॉन_मोजणारा | मंगळवार, रात्री १०:२५

हे कॅल्कमध्ये?

---

ओपनसोर्स_आजोबा | बुधवार, सकाळी ६:१५

कॅल्कमध्ये कस्टम प्रॉपर्टीज आहेत, पण त्या सेलला जोडायची अशी खूण नाही, हाताने लिहायच्या. त्यामुळे मी म्हणेन कस्टम प्रॉपर्टी सोडाच. वहीत नोंद करावी तितकंच ते विसरता येतं.

त्याऐवजी दुसरं बघा: फाइल मेनूत ‘व्हर्जन्स’. ओडीएसमध्येच जुन्या आवृत्त्या टिप्पणीसकट साठवता येतात. ‘०४, बेअरिंग सीट टॉलरन्स, कस्टमरचा मेल अमुक तारखेचा’ असं लिहून सेव्ह करा. नंतर त्याच यादीतून जुनी आवृत्ती उघडता येते, तुलनाही करता येते. एक खड्डा आहे: सेव्ह ॲज करून प्रत काढली की आवृत्त्या प्रतीबरोबर येत नाहीत. कस्टमरला पाठवायला बरंच आहे म्हणा ते.

---

दुबईकर_साईटवाला | बुधवार, सकाळी ८:००

फाइलच्या नावात रिव्हिजन ठेवावी की नाही यावर माझं मत वेगळं. व्हीबीए म्हणतात तसं फूटरला फाइलचं नाव छापणार असाल तर नावात रिव्हिजन हवीच. सेल आणि नाव जुळलं नाही तर छापील कागदावरच दिसेल, वर ०३, खाली आर४. ऑडिटरच्या आधी तुमचा ऑपरेटर ओरडेल.

---

व्हीबीए_ची_सवय | बुधवार, सकाळी ९:४०

असहमत. नावात रिव्हिजन आली की मास्टर लिस्टमधली प्रत्येक लिंक तुटते आणि फोल्डरमध्ये आर१ ते आर९ नांदायला लागतात. एक नाव, एक फाइल, जुन्या सगळ्या ‘ऑब्सोलीट’ फोल्डरमध्ये.

---

दुबईकर_साईटवाला | बुधवार, सकाळी ९:५५

तुमच्या लिंक तुटतील, त्याचा शाफ्ट नाही तुटणार. :)

---

सुटी_नाणी | बुधवार, सकाळी ११:३०

तुमचं भांडण चालू द्या. मायक्रॉन, आयएसओ ९००१:२०१५ मधलं कलम ७.५.३ वाचा. त्यात बदलांवर नियंत्रण म्हटलंय, आवृत्ती नियंत्रण (व्हर्जन कंट्रोल) हे फक्त उदाहरण म्हणून दिलंय. नंबर कुठे लिहायचा हे त्यात कुठेही नाही. तुम्ही जे ठरवाल ते लिहून काढा आणि तसंच वागा. एनसी बहुतेक वेळा ‘लिहिलं एक, केलं दुसरं’ याचीच लागते.

---

कोड_आणि_कांदापोहे | बुधवार, रात्री ११:४५

उशिरा आलो. ३०० फाइली असतील तर एकेक उघडून बघू नका. पायथॉनमध्ये ‘ओपनपायएक्सएल’ने एक्सेल फाइलींचे गुणधर्म एका फटक्यात वाचता येतात, ओडीएससाठी झिप उघडून मेटा वाचायची, दहा ओळींचं काम. मी आमच्याकडे प्रत्येक फाइलचा रेव्ह. सेल आणि फाइलचं नाव यांची तुलना रात्री आपोआप करतो, जुळत नाहीत त्यांची यादी सकाळी मेलमध्ये. पहिल्या दिवशी यादीत ८६ फाइली होत्या.

गिट (फाइलींमधले बदल नोंदवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी: साधी ओडीएस झिप असल्याने फरक दिसत नाही, ‘फ्लॅट ओडीएस’ म्हणजे एफओडीएसमध्ये सेव्ह करा. फक्त तीच ती एडिटिंग सायकल्सची ओळ दर वेळी बदललेली दिसते. एक शून्य टाकला तरी, नाही टाकला तरी. वैताग.

---

मायक्रॉन_मोजणारा | रविवार, सकाळी १०:२०

आठवडाभर लागला, पण झालं. काय केलं ते सांगतो.

रेव्ह. नंबर वरच्या पट्टीत एका सेलमध्ये, रंग पिवळा, प्रत्येक पानावर छापला जातो. त्याच्या शेजारच्या सेलमध्ये तारीख आणि कशामुळे बदललं ते एका ओळीत. फूटरमध्ये फक्त फाइलचं नाव आणि पान. फाइलच्या नावात रिव्हिजन ठेवली (दुबईकर जिंकले, व्हीबीए रागावू नका, लिंक आमच्याकडे फार नाहीतच). छापायच्या आधी पोरगा दोन्ही जुळतात का बघतो आणि कोपऱ्यात सही करतो. ओडीएसच्या व्हर्जन्समध्ये प्रत्येक रिव्हिजन टिप्पणीसकट.

आणि १४७? तो मास्टर लिस्टमध्ये एका वेगळ्या रकान्यात टिपतो, रिव्हिजन मंजूर झाली त्या क्षणी किती होता तो. शाफ्टचा रिपोर्ट ०५ झाला तेव्हा १५१. काल संध्याकाळी सहज उघडून बघितलं तर १५३. पोराला विचारलं, दोनदा कशाला सेव्ह केलंस? तो म्हणाला, “सर, मी नाही. मालक आले होते, पिवळा रंग डोळ्यात खुपतोय म्हणून हिरवा केला. मग कस्टमरला आवडणार नाही म्हणून परत पिवळा.”

---

टवाळ_एक | रविवार, सकाळी १०:२६

मालकांना रेव्ह. ०६ ची सही करायला लावा.